बॅटऱ्या नव्या, सेल्फ खोलून झाला, तरी ट्रक सकाळी सेल्फ घेत नाही: दोष कुठे शोधायचा?

दादा, तुम्ही जे लिहिलंय ते आधी एका जागी मांडतो, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. दहाचाकी, २४ व्होल्टची, जुन्या यांत्रिक पंपाची गाडी. निफाडहून कांदा भरून वाशीला जाते. दिवाळीआधी चेसिस घासून रंगवून घेतली, त्याच वेळी केबिनमध्ये नवा टेप आणि पंखा बसवला. थंडी पडल्यापासून पहाटे चावी फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, नुसता 'टक्' करतो. चार-पाच वेळा मारल्यावर कधी उचलतो, कधी नाही. हेडलाइट मात्र झगझगीत. आधी दोन्ही बॅटऱ्या बदलल्या, मग सेल्फ खोलून कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) आणि बुश टाकले. काही दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. आणि आता नव्या दोन बॅटऱ्यांतली एक उतरायला लागली आहे, दुसरीतलं पाणी सारखं कमी होतंय.

माझा अंदाज सरळ सांगतो. तुमच्या गाडीत एक नाही, दोन दोष आहेत, आणि दोन्ही बॅटरीत किंवा सेल्फमध्ये नाहीत. पहिला अर्थिंगच्या, म्हणजे करंट चेसिसमधून बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणाऱ्या वाटेच्या, जोडात आहे, रंगकामानंतर आलेला. दुसरा टेपच्या वायरीत. पण माझ्या अंदाजावर एकही पार्ट बदलू नका. आधी मोजा. साधा डिजिटल मीटर पुरेल. बॅटरीच्या खोक्यापासून इंजिनापर्यंत पोचायला त्याच्या एका प्रोबला तीन-चार मीटर वायर जोडून घ्या.

'लाइट लागतात म्हणजे करंट आहे' हे वाक्य प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी असतं, आणि त्यानेच सगळे फसतात. २४ व्होल्टचा ७५ वॅटचा हेडलाइट बल्ब साधारण ३ अँपिअर घेतो, दोन्ही मिळून ६. सेल्फ गार इंजिन फिरवताना ३०० अँपिअर सहज ओढतो, पहिल्या झटक्याला त्याहून जास्त. आता समजा, अर्थच्या एका जोडावर गंज किंवा रंग बसून ०.०१ ओहमचा अडथळा तयार झाला. हेडलाइटच्या ६ अँपिअरला तिथे ०.०६ व्होल्ट जातात, डोळ्याला फरक कळत नाही. सेल्फच्या ३०० अँपिअरला त्याच जोडावर ३ व्होल्ट जातात. थंडीत सेल्फ मारताना बॅटऱ्या स्वतःच २१ च्या आसपास उतरलेल्या असतात, त्यातून हे ३ गेले की सेल्फला उरतात १८. आणि गेलेले ३ व्होल्ट गुणिले ३०० अँपिअर म्हणजे ९०० वॅट त्या एका जोडावर उष्णता होऊन बाहेर पडतात. घरातल्या इस्त्रीएवढी ती उष्णता आहे. म्हणून सेल्फ मारून झाल्यावर एखादा जोड हाताला चटका देत असेल, तर तो स्वतःच आपला पत्ता सांगत असतो.

मीटर ओहमवर किंवा 'बीप'वर ठेवून केबल तपासणारे खूप आहेत. सेल्फच्या केबलला ही तपासणी निरुपयोगी आहे. साध्या मीटरला ०.०१ ओहम दिसतच नाही, तो शून्य दाखवतो. जाड केबलमधली एकच तार शाबूत असली तरी बीप वाजतो, पण त्या एका तारेतून सेल्फ फिरणार नाही. केबल आणि जोड यांची परीक्षा त्यांच्यातून सेल्फचा करंट वाहत असतानाच होते.

मोजण्याआधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (दगड किंवा ठोकळे). हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. अंगठी आणि पाना मिळून शॉर्ट झाला तर बोटाचं मांस जळतं, हे मी पाहिलेलं आहे. बॅटरीजवळ विडी-काडी नको, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. इंजिन बंद करायची केबल ओढून धरा, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन चालू होणार नाही. एका माणसाला केबिनमध्ये बसवा. तुम्ही सांगाल तेव्हा त्याने चार-पाच सेकंद चावी मारायची आणि सोडायची. दोन वेळांच्या मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर तपासणीतच सेल्फ तापेल.

पहिलं माप सकाळी, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर, काहीही चालू न करता. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एकत्र २४.८ दिसले म्हणून समाधान मानलं तर एक १२.७ आणि दुसरी १२.१ असू शकते, आणि तुमच्या बाबतीत मला नेमकं तेच वाटतंय. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायच्या नळीने) सहाही सेल बघा. पाच सेल सारखे आणि एक ०.०५० ने खाली असेल तर तो सेल खराब होतोय. नुकतंच डिस्टिल्ड वॉटर टाकलं असेल तर त्या दिवशी हायड्रोमीटरवर विसंबू नका, पाणी मिसळायला गाडी चालावी लागते.

दुसरं माप चावी मारताना. प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा, वरच्या टर्मिनलवर नाही. दोष त्या दोघांच्या मधेही असू शकतो. इथे दोन वाटा फुटतात. चावी मारल्यावर 'टक्' झालं आणि बॅटरी ७-८ व्होल्टपर्यंत आपटली, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा सेल्फ आतून अडकून भलताच करंट ओढतोय. ९.६ च्या खाली गेलेली बॅटरी आधी चार्ज करून पुन्हा तपासायची, त्याशिवाय पुढची मापं खोटी येतात. पण 'टक्' होऊनही बॅटरी १२ च्या आसपास आरामात उभी असेल, तर तिच्यातून करंट वाहतच नाहीये. बॅटरी द्यायला तयार आहे, वाट बंद आहे. हेडलाइट लावून चावी मारली तरी हेच दिसतं. लाइट पार विझले तर बॅटरी किंवा तिचे जोड, लाइट जसेच्या तसे राहिले तर पुढची वाट. मीटर नसेल तेव्हा, रस्त्यात कुठे ढाब्यावर अडकलात, तर एवढं तरी करून बघा.

आता तुमच्या गाडीचं मुख्य माप. मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब ज्या बॅटरीचा निगेटिव्ह चेसिसला जातो तिच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा सेल्फच्या बॉडीवर, रंग खरवडून उघड्या धातूवर. चावी मारायला सांगा. आकडा ०.३ ते ०.५ च्या आत हवा. तुमच्याकडे तो दीड-दोन किंवा जास्त येईल असं मला वाटतं. तसा आला की दुसरा प्रोब एकेक पायरी मागे आणत जा: इंजिनचा ब्लॉक, इंजिन-चेसिस पट्टीचं इंजिनकडचं टोक, तिचंच चेसिसकडचं टोक, चेसिसचा उघडा पत्रा, बॅटरीच्या अर्थ केबलचं थिंबल (टोकाला दाबलेली धातूची कडी), शेवटी बॅटरीचं टर्मिनल. ज्या पायरीला आकडा एकदम पडतो, दोष त्या दोन ठिकाणांच्या मध्ये. यात अंदाजाला जागाच नाही, म्हणून मला ही पद्धत सगळ्यात प्रिय आहे.

याहून झटपट खात्री हवी असेल तर जाड जंप केबलचं एक टोक त्याच, चेसिसला निगेटिव्ह जाणाऱ्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनला, सेल्फच्या माउंटिंग बोल्टजवळ लावा आणि चावी मारा. सेल्फ घणघणत फिरला तर अर्थिंगचा दोष सिद्ध झाला.

रंगकामाचा संबंध असा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि चेसिस यांच्यात विजेची वाट म्हणजे फक्त ती विणलेली तांब्याची पट्टी किंवा केबल. रंगारी चेसिस घासताना ती सोडतो आणि काम झाल्यावर ताज्या रंगावर पुन्हा आवळतो. करंट मग बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा जातो. उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं, तेवढ्यावर भागतं. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली गेला की ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त करंट लागतो आणि गारठ्यात बॅटरीची द्यायची ताकदही घटते. नवी बॅटरी टाकली की थोडा जोर वाढतो, म्हणून काही दिवस चालली. कार्बन बदलल्यावरही तसंच झालं असणार. पट्टी पूर्ण तुटलेली असेल तर करंट दुसरी वाट शोधतो, ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली किंवा तिच्या आवरणातून धूर आला, तर तपासायचं काही उरलं नाही, अर्थ गेलेला आहे.

दुरुस्तीला खर्च जवळपास नाही. बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडा. मग प्रत्येक अर्थ जोड खोला: बॅटरी ते चेसिस, चेसिस ते इंजिन किंवा गिअरबॉक्स, चेसिस ते केबिन. चेसिसवर थिंबल बसतं तेवढी जागा चकाकेपर्यंत घासा, थिंबलच्या दोन्ही बाजू घासा, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा. ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावायची ती जोड आवळून झाल्यावर, वरून. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पण सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका.

केबल नवी घ्यायची वेळ आली तर तांब्याचीच, ५० ते ७० स्क्वेअर एमएमची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते; टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा. थिंबल दाबायचं यंत्र असलेल्याकडूनच दाबून घ्या. हातोडीने चेपलेलं थिंबल वर्षभरात सैल होतं. आवरण फुगलेलं किंवा मोडताना आत करकर वाजणारं दिसलं तर आत तांबं सडलेलं आहे. खत, मीठ वाहणाऱ्या आणि न्हावा-शेव्याला सतत जाणाऱ्या गाड्यांत हे मी सगळ्यात जास्त बघतो. बाहेरून केबल धडधाकट आणि आत हिरवी भुकटी.

पॉझिटिव्ह बाजूही सोडू नका. दुसऱ्या बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब ते सेल्फवर केबल येते तो मोठा बोल्ट, हेच माप, चावी मारताना, ०.५ च्या आसपास. मध्ये मेन स्विच आहे. त्याच्या दोन बोल्टांवर ०.२ पेक्षा बरंच जास्त दिसलं तर आतले पॉइंट जळालेत. गाडी ओलसर जागी उभी राहत असेल तर हा स्विच फार लवकर जातो. आणि दोन बॅटऱ्यांना जोडणारी छोटी केबल तपासायची राहूनच जाते, कारण ती केबल वाटतच नाही. तीही मोजा.

दोन्ही बाजू चोख असूनही 'टक्' होऊन थांबत असेल तरच सेल्फकडे वळा. सोलेनॉइडच्या (सेल्फवरचा 'टक्' करणारा चुंबकी स्विच) दोन मोठ्या बोल्टांवर प्रोब ठेवा. चावी न मारता तिथे २४ दिसतात, 'टक्' झाल्यावर जवळजवळ शून्य व्हायला हवेत. २४ तसेच राहिले तर सोलेनॉइडच्या आतली तांब्याची चकती जळाली आहे. कार्बन बदलताना ही चकती बघितलीच जात नाही, खोलणाऱ्याला जरूर विचारा. आकडा शून्य होतो, सेल्फला करंट पोचतो आणि तरी तो फिरत नाही, तर कार्बन नीट टेकत नाहीत किंवा आर्मेचर (सेल्फच्या आत फिरणारा भाग) गेलं. 'टक टक टक' अशी सरबत्ती होत असेल तर बहुतेक वेळा व्होल्टेज कोसळतंय, क्वचित सोलेनॉइडची धरून ठेवणारी कॉइल तुटलेली असते. सेल्फ नुसताच घरघर फिरतो आणि इंजिन हलत नाही, तर पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात, ते काम मेकॅनिकचं. आणि अजिबात आवाज नाही, पण डॅशबोर्ड पेटतोय, तर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर चावी मारताना २४ येतात का बघा. येत नसतील तर रिले, चावीचा स्विच, ज्या गाड्यांत असेल त्यांत न्यूट्रल किंवा क्लचचा स्विच.

स्क्रूड्रायव्हरने सेल्फच्या बोल्टांना शॉर्ट करून गाडी चालू करायची सवय सोडा, हे मी कळवळून सांगतोय. गाडी चुकून गिअरमध्ये असेल तर ती चालू होते आणि माणूस तिच्या चाकापुढेच बसलेला असतो.

आता दुसरा दोष, जो तुमच्या बॅटऱ्या खातोय. टेप आणि पंखा १२ व्होल्टचे आहेत ना? बसवणाऱ्याने त्यांची वायर दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडातून घेतली असणार. तसं केल्यावर टेप-पंख्याचा सगळा खर्च एकाच बॅटरीवर पडतो, ज्या बॅटरीचा निगेटिव्ह चेसिसला आहे तिच्यावर. अल्टरनेटर (बॅटरी भरणारा डायनमो) मात्र दोघींना एकामागोमाग एकच करंट देतो, कारण त्या सिरीजमध्ये आहेत. खालच्या, म्हणजे चेसिसकडच्या, बॅटरीतून रोज थोडं जास्त जातं, ते कधीच भरून येत नाही. वरची आधीच भरलेली असते, तिला तरीही चार्ज मिळतच राहतो. अल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर फक्त एकूण २८ बघतो. आत एकीवर १३ आणि दुसरीवर १५ असले तरी त्याला पत्ता लागत नाही. १३ वालीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती मरते, १५ वालीचं पाणी उकळल्यासारखं उडतं आणि तीही मरते. नव्या जोडीचं आयुष्य अशा गाडीत काही महिन्यांतच संपतं, आणि दोष मात्र बॅटरीच्या कंपनीला जातो.

खात्री करायला इंजिन चालू ठेवून रेस थोडी वाढवा आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. दोन्ही १४ च्या आसपास, एकमेकींच्या अगदी जवळ हव्यात. अर्ध्या-एक व्होल्टचा फरक दिसला तर मधल्या जोडातली ती वायर आजच काढा. त्याजागी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा, टेप आणि पंख्याला १० अँपिअरचा पुरतो. त्याला फ्यूज घाला, नुसती वायर नको. एका बॅटरीच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. नंतर दोन्ही बॅटऱ्या गाडीतून काढून १२ व्होल्टच्या चार्जरवर वेगवेगळ्या पूर्ण भरा. गाडीत ठेवून हा असमतोल जात नाही. भरून एक दिवस ठेवल्यावरही एक खालीच राहत असेल तर दुर्दैवाने जोडीच बदलावी लागेल. जुनीसोबत एक नवी लावली तर नवीही तिच्यासोबत जाते.

चार्जिंगही याच वेळी बघून टाका. लाइट लावून, रेसवर, दोन्ही बॅटऱ्या मिळून २७.५ ते २८.५ हवेत. २६.५ च्या खाली असेल तर बेल्ट, वायरिंग, मग अल्टरनेटर. २९.५ च्या वर असेल तर रेग्युलेटर गेलाय, गाडी तशीच पळवू नका. चावी 'ऑन' केल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतच नसेल तर आधी तो बल्ब बघा, कारण बऱ्याच जुन्या अल्टरनेटरांना सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून 'डायनमो चार्ज करतोय का' बघायची पद्धत अजून चालू आहे. ती ताबडतोब बंद व्हायला हवी. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, नव्या गाड्यांत तर ईसीयूसुद्धा (इंजिनाचा कॉम्प्युटर) जातो.

रंगकामाच्या वेळी चेसिसवर वेल्डिंगही झालं होतं का? झालं असेल आणि बॅटऱ्या जोडलेल्याच होत्या, तर अल्टरनेटरचे डायोड दुखावलेले असू शकतात. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनवर बॅटरीच्या दोन टोकांना लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा बरंच जास्त एसी दिसलं तर डायोड तपासून घ्या. रात्री बंद गाडीचा अल्टरनेटर हाताला कोमट लागत असेल तरी तेच, डायोड गळतोय आणि तोच रात्रभर बॅटरी उतरवतोय.

तुमच्यासोबत बीएस-४ किंवा बीएस-६ गाडीवाले हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडंसं. अर्थिंग आणि जोडांचं वरचं सगळं त्यांना लागू आहे, उलट जास्तच. यात सेल्फ फिरतो, पण इंजिन चालू होत नाही असंही घडतं, कारण सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं पडतं की ईसीयू रिसेट होतो. सेन्सर बदलायला धावण्याआधी चावी मारताना ईसीयूच्या पुरवठ्यावर किती व्होल्ट राहतात ते मोजा, मग स्कॅनर लावा. ईसीयूच्या वायरींना बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका. वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीयूचे कनेक्टर सोडा. बीएस-६ ला डीईएफची (धूर स्वच्छ करायला फवारायच्या युरियाच्या द्रवाची) प्रणाली असेल तर इंजिन बंद केल्या केल्या मेन स्विच पाडू नका. पंप नळ्यांमधलं द्रव मागे ओढून घेतो, त्याला मिनिट-दोन मिनिटं द्या.

दादा, उद्या पहाटे काहीही खोलण्याआधी दोन्ही बॅटऱ्यांचे वेगवेगळे आकडे, चावी मारताना निगेटिव्ह खांब ते सेल्फची बॉडी हा आकडा, तसाच पॉझिटिव्हचा, आणि इंजिन चालू झाल्यावर पुन्हा दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे लिहून पाठवा. टेपची वायर कुठून घेतली आहे त्याचा फोटोही जोडा. तोवर सेल्फ पुन्हा खोलायला देऊ नका.